वस्तूंचे बदलते गुणधर्म आणि संकेतस्थळाचा साचा : जँगो फ्रेमवर्कच्या संदर्भात विवेचन

प्रस्तावना

महाविद्यालयांतून संगणक हा विषय आता केवळ विज्ञान शाखेपुरता राहिलेला नाही. वाणिज्य व कला शाखेचे विद्यार्थीही प्रकल्प म्हणून छोटी विक्री-संकेतस्थळे तयार करतात. कोणी बचत गटाच्या खाद्यपदार्थांचे, कोणी हस्तकलेच्या वस्तूंचे, तर कोणी मराठी व उर्दू पुस्तकांचे संकेतस्थळ हाती घेतो. पहिल्या आठवड्यात काम सुरळीत चालते. वस्तूचे नाव, किंमत आणि छायाचित्र पडद्यावर दिसू लागते. अडचण येते ती दुसऱ्या प्रकारची वस्तू दाखल करताना. काजूला प्रत असते आणि साडीला लांबी. पुस्तकाला पृष्ठे व लिपी असते. बिदरी फुलदाणीला उंची, धातू आणि तारकाम असते. या सर्वांना एकाच साच्यात बसवायचे कसे?

हा प्रश्न वरवर तांत्रिक वाटतो, परंतु त्याच्या मुळाशी माहितीच्या खरेपणाचा प्रश्न आहे. साचा चुकला तर पान बंद पडत नाही. ते व्यवस्थित दिसते आणि तरीही खोटे सांगते. प्रस्तुत लेखात जँगो या फ्रेमवर्कच्या आधारे हे कसे घडते व ते कसे टाळावे याचे विवेचन केले आहे.

विशेष्य आणि विशेषण

भाषेच्या अध्यापकांना ही समस्या नवी नाही. मराठी व्याकरणात विशेष्य आणि विशेषण यांचा जो संबंध, तोच उर्दू व्याकरणात मौसूफ आणि सिफत यांचा आहे. विशेष्य आधी ठरते आणि मग त्याला कोणती विशेषणे लागू पडतात हे ठरते. 'नऊवारी' हे विशेषण साडीला शोभते, पुस्तकाला नाही. संगणकाच्या परिभाषेत वस्तू म्हणजे विशेष्य आणि गुणधर्म म्हणजे विशेषण होय. जे गुणधर्म सर्व वस्तूंना समान असतात ते स्थिर, आणि जे वस्तूच्या प्रकारानुसार बदलतात ते लवचिक म्हणावेत.

ही विभागणी मनमानी असू नये. वैध मापनशास्त्र (आवेष्टित वस्तू) नियम, २०११ यांत २०१७ साली झालेल्या दुरुस्तीनुसार १ जानेवारी २०१८ पासून ऑनलाइन विक्रीच्या पानावरही उत्पादकाचे नाव व पत्ता, निव्वळ वजन वा परिमाण, कमाल किरकोळ किंमत यांसारखी माहिती दाखवणे आवश्यक झाले. अशा बाबी स्थिर स्तंभांतच ठेवाव्यात. लवचिक कप्प्यात टाकलेली बाब भरायची राहून जाऊ शकते, तर स्थिर स्तंभ रिकामा ठेवू न देण्याची सोय माहितीसाठ्यातच असते.

साठवणीच्या तीन पद्धती

पहिली पद्धत रुंद तक्त्याची. एकाच तक्त्यात लांबी, प्रत, लिपी, उंची, धातू असे सर्व स्तंभ करायचे. वस्तू थोड्या असतील तोवर हे चालते. पुढे काजूच्या ओळीत लिपीचा रकाना रिकामा, पुस्तकाच्या ओळीत धातूचा रकाना रिकामा, अशी स्थिती होते आणि प्रत्येक नव्या वस्तूसाठी तक्त्याची रचना बदलावी लागते.

दुसरी पद्धत उभ्या तक्त्याची. प्रत्येक ओळीत तीनच गोष्टी असतात : कोणती वस्तू, कोणता गुणधर्म, काय मूल्य. रुग्णालयीन नोंदींच्या प्रणालींमध्ये ही पद्धत फार पूर्वीपासून आहे, कारण शक्य असलेल्या तपासण्या शेकडो असतात व एका रुग्णाच्या वाट्याला त्यांतील मोजक्याच येतात. २००८ साली आलेल्या मॅजेंटो या विक्री-प्रणालीनेही हीच रचना स्वीकारली. हिचा दोष असा की एका वस्तूचे चित्र पूर्ण करण्यासाठी अनेक ओळी गोळा कराव्या लागतात. यादीत पन्नास वस्तू असतील आणि प्रत्येकीचे गुणधर्म वेगळे मागवले, तर एका पानासाठी एकावन्न प्रश्न माहितीसाठ्याला विचारले जातात. जँगोमधील 'प्रीफेच रिलेटेड' ही सोय वापरली तर हेच काम दोन प्रश्नांत होते.

तिसरी पद्धत जेसन रकान्याची. स्थिर स्तंभांच्या जोडीला एकच रकाना ठेवायचा आणि त्यात कळ व मूल्य यांच्या जोड्या साठवायच्या. हा एक छोटा शब्दकोशच असतो. शब्द शोधला की अर्थ मिळावा, तशी कळ दिली की मूल्य मिळते. पोस्टग्रेस या माहितीसाठ्यात 'जेसनबी' हा प्रकार २०१४ साली आला. जँगोने २०१५ च्या अखेरीस आलेल्या १.९ या आवृत्तीत पोस्टग्रेसपुरता जेसन रकाना दिला, आणि ऑगस्ट २०२० मधील ३.१ आवृत्तीपासून तो मायएसक्यूएल, मारियाडीबी, ओरॅकल व एसक्यूलाइट यांच्यासाठीही खुला झाला. विद्यार्थी प्रकल्पांसाठी बहुधा हीच पद्धत सोयीची ठरते. यापुढील विवेचन तिच्याच आधारे आहे.

साच्याची भाषा मर्यादित का?

जँगोचा जन्म वृत्तपत्राच्या कार्यालयात झाला. अमेरिकेतील कॅन्सस राज्यातील लॉरेन्स जर्नल-वर्ल्ड या दैनिकात काम करणाऱ्या एड्रियन होलोव्हाटी आणि सायमन विलिसन यांनी २००३ च्या सुमारास त्याची सुरुवात केली आणि जुलै २००५ मध्ये ते सर्वांसाठी खुले झाले. पानाची मांडणी करणारी व्यक्ती प्रोग्रामर असेलच असे नाही, या जाणिवेतून साच्याची भाषा मुद्दाम मर्यादित ठेवण्यात आली. साच्याने माहिती मांडावी, तिच्यावर विचार करण्याचे काम व्ह्यूने करावे, अशी ही श्रमविभागणी आहे.

साच्यात मूल्य छापण्यासाठी दुहेरी महिरपी कंस वापरतात आणि आतील गोष्टीपर्यंत टिंबाने पोचतात. समजण्यासाठी नावे देवनागरीत लिहिल्यास 'वस्तू.गुणधर्म.वजन' असे त्याचे रूप होते. टिंब दिसले की जँगो तीन गोष्टी क्रमाने करून पाहते. प्रथम शब्दकोशातील कळ, नंतर वस्तूचा अंगभूत गुण आणि शेवटी यादीतील क्रमांक.

विद्यार्थी येथेच पहिल्यांदा अडतो. कळीचे नाव आधी माहीत नसेल, ते 'नाव' नावाच्या एखाद्या चलात असेल, आणि त्याने 'वस्तू.गुणधर्म.नाव' असे लिहिले, तर जँगो त्या चलाचे मूल्य पाहत नाही. ते शब्दशः 'नाव' हीच कळ शोधते. अशी कळ नसते आणि पानावर काहीच उमटत नाही. जिंजा या दुसऱ्या साचा-भाषेत चौकोनी कंसात चल देऊन हे साधता येते, आणि २०१५ च्या १.८ आवृत्तीपासून जँगोसोबत जिंजाही वापरता येते. जँगोच्या स्वतःच्या भाषेत मात्र दोनच सरळ मार्ग आहेत. एक म्हणजे 'आयटेम्स'द्वारे सर्व जोड्यांवरून फेरी मारणे, आणि दुसरा म्हणजे कळ देऊन मूल्य आणणारी स्वतःची छोटी गाळणी लिहिणे.

फेरीच्या मार्गातही एक खाच आहे. शब्दकोशात 'आयटेम्स' याच नावाची कळ असेल, उदाहरणार्थ भेटसंचातील नगांची संख्या, तर टिंबाच्या नियमाप्रमाणे आधी कळ पाहिली जाते. मग जोड्यांऐवजी ती संख्या हाती येते आणि फेरी मोडते.

मौनाचे तीन अर्थ

सर्वांत महत्त्वाचा मुद्दा आता येतो. बोलण्यात मौनाला अनेक अर्थ असतात. एखाद्या प्रश्नावर गप्प राहणारा माणूस 'नाही' म्हणत असेल, त्याला माहीत नसेल किंवा त्याला प्रश्नच विचारला गेला नसेल. गुणधर्मांच्या बाबतीतही रिकामेपणाच्या अशाच वेगवेगळ्या अवस्था आहेत : कळच नाही, कळ आहे पण मूल्य 'नल' आहे, मूल्य शून्य आहे, मूल्य 'असत्य' आहे. जँगो या प्रत्येक अवस्थेला वेगळी वागणूक देते. कळच नसेल तर काहीही छापले जात नाही. 'नल' असेल तर 'नन' हा पायथनमधील शब्द जसाच्या तसा उमटतो. शून्य असेल तर शून्य दिसते.

पानावर 'नन' उमटलेले पाहून विद्यार्थी 'डीफॉल्ट' ही गाळणी लावतो व पर्यायी शब्द म्हणून 'माहिती नाही' असे देतो. दिसायला अडचण मिटते. परंतु ही गाळणी शून्य, 'असत्य' आणि रिकामी ओळ यांनाही माहितीचा अभावच समजते. ज्या मिठाईत 'घातलेली साखर : ०' असे काळजीपूर्वक भरले आहे, तिच्या पानावर 'माहिती नाही' दिसते. मधुमेही ग्राहकाला हवी असलेली नेमकी बाब अशी नाहीशी होते. 'डीफॉल्ट इफ नन' ही दुसरी गाळणी शून्याला हात लावत नाही, पण कळच नसेल तेव्हा तीही गप्प राहते.

याहून गंभीर गोष्ट 'येसनो' या गाळणीची. तिला तीन शब्द देता येतात : होय, नाही, माहीत नाही. मूल्य सत्य असेल तर पहिला, असत्य असेल तर दुसरा आणि 'नन' असेल तर तिसरा शब्द छापला जातो. रचना निर्दोष वाटते. आता समजा, बचत गटाच्या लाडवांची नोंद करताना 'शेंगदाणे आहेत का' हा रकाना भरायचाच राहिला. कळ नाही. अशा वेळी जँगो त्या जागी रिकामी ओळ धरते व ती गाळणीकडे पाठवते. रिकामी ओळ 'नन' नसते आणि 'सत्य'ही नसते. म्हणून गाळणी दुसरा शब्द निवडते. पानावर स्पष्ट अक्षरांत येते : 'शेंगदाणे : नाही'.

कोणीही असे सांगितलेले नव्हते. नोंद करणाऱ्याने काही लिहिले नाही, प्रोग्रामरने तिन्ही शब्द दिले होते, संगणकाने नियम पाळला. तरीही शेंगदाण्याची अ‍ॅलर्जी असलेल्या मुलाच्या आईला चुकीचे उत्तर मिळाले. अन्न सुरक्षा आणि मानके (लेबलिंग आणि प्रदर्शन) विनियम, २०२० यांत शेंगदाणे, काजू-बदामांसारखी कवचफळे, दूध इत्यादी अ‍ॅलर्जीकारक घटक जाहीर करणे का आवश्यक ठरवले आहे, हे या उदाहरणावरून ध्यानात येते.

यावर उपाय दोन पातळ्यांवर करावे लागतात. विकसनाच्या काळात 'स्ट्रिंग इफ इनव्हॅलिड' या मांडणीत एखादा ठळक शब्द ठेवला, तर न सापडलेल्या चलाच्या जागी तो दिसतो व गाळण्या लावल्याच जात नाहीत. त्यामुळे गळती लगेच नजरेस येते. ही सोय तपासणीपुरतीच वापरावी, कारण जँगोची व्यवस्थापन-पाने चल न सापडल्यास गप्प राहण्यावरच बेतलेली आहेत. कायमचा उपाय मात्र गुणधर्म-सूचीचा आहे.

गुणधर्म-सूची

प्रत्येक वस्तुप्रकारासाठी एक छोटा तक्ता करावा. त्यात प्रत्येक गुणधर्माची कळ, मराठी नाव, उर्दू नाव, एकक, क्रम आणि तो अनिवार्य आहे की ऐच्छिक, एवढे असावे. व्ह्यूने या सूचीप्रमाणे वस्तूचा जेसन रकाना वाचावा आणि प्रत्येक गुणधर्मासाठी नाव, मूल्य, एकक व अवस्था अशी तयार ओळ साच्याकडे पाठवावी. अवस्था तीनच : 'सांगितले आहे', 'सांगितलेले नाही', 'लागू नाही'. साच्याने फक्त फेरी मारून त्या ओळी मांडाव्यात.

काजूच्या उदाहरणाने हे स्पष्ट होईल. 'डब्ल्यू २४०' ही प्रत म्हणजे एका पौंडात, म्हणजे सुमारे ४५४ ग्रॅममध्ये, २२० ते २४० अखंड गर, तर 'डब्ल्यू ३२०' म्हणजे ३०० ते ३२० गर. आकडा मोठा तितका गर लहान. केवळ 'प्रत : ३२०' असे छापल्यास ग्राहकाला ३२० हे २४० पेक्षा सरस वाटण्याचा संभव आहे. सूचीतील एककाच्या रकान्यात 'गर प्रति पौंड' असे असेल तर गैरसमज टळतो. गुणधर्माचा आकडा त्याच्या एककाशिवाय अपुरा असतो, हे येथे दिसते.

सूचीमुळे क्रमाचा प्रश्नही सुटतो. पायथनचा शब्दकोश ३.७ आवृत्तीपासून भरलेला क्रम निश्चितपणे जपतो, म्हणून विद्यार्थी क्रमाबाबत निश्चिंत असतो. परंतु पोस्टग्रेसचा 'जेसनबी' प्रकार कळींचा मूळ क्रम राखत नाही. संगणकावर एसक्यूलाइट वापरून केलेला प्रकल्प सर्व्हरवर पोस्टग्रेसमध्ये नेला की साडीच्या पानावर धुण्याची सूचना वर आणि लांबी खाली जाते. दोष साच्यात शोधला जातो, पण मूळ कारण साठवणीत असते. क्रम हीसुद्धा माहितीच असल्याने तो वेगळा नोंदवलेला असावा.

देवनागरी आणि उर्दू

भाषेच्या अध्यापकांना विशेष रस वाटेल अशी एक बाब येथे नोंदवली पाहिजे. कळींची नावे मराठीतच ठेवावीत असे अनेकांना वाटते. जेसन रकान्यात ती खुशाल साठवता येतात आणि फेरीतून छापताही येतात. परंतु टिंबानंतर ती लिहिली की घोटाळा होतो. साच्यातील नाव ओळखताना जँगो पायथनच्या 'शब्दातील अक्षर' या व्याख्येचा आधार घेते. त्या व्याख्येत व्यंजने व स्वर येतात, पण काना, मात्रा, वेलांटी, उकार, अनुस्वार व हलन्त ही चिन्हे येत नाहीत. परिणामी 'वजन' ही कळ चालते. तिच्यात एकही चिन्ह नाही. 'लांबी' ही कळ मात्र साचा वाचतानाच चूक दाखवते. उर्दूत ऱ्हस्व स्वर सहसा लिहिले जात नसल्याने वाव, ज़े, नून अशा तीन अक्षरांनी लिहिलेला 'वज़न' सुरळीत जातो, पण त्यावर ज़ेर-ज़बर दिले की तोही अडतो. एकच शब्द एका लेखनपद्धतीत चालतो व दुसरीत अडतो. हा त्या भाषांचा दोष नसून यंत्राच्या व्याख्येची मर्यादा आहे. म्हणून कळ रोमन लिपीत व लहान ठेवावी आणि वाचकाला दिसणारे नाव सूचीतून आणावे. स्वतःची गाळणी लिहून कळ अवतरणचिन्हांत दिल्यास मात्र देवनागरी कळही चालते.

दुसरी बाब दिशेची. एकाच पानावर मराठी डावीकडून उजवीकडे आणि उर्दू उजवीकडून डावीकडे जाते. गुणधर्माचे नाव उर्दूत, आकडा व एकक दुसऱ्या लिपीत असेल तर कंस आणि विरामचिन्हे भलत्या टोकाला जातात. यासाठी उर्दू ओळीच्या खुणेत 'लँग'चे मूल्य उर्दू आणि 'डिर'चे मूल्य उजवीकडून डावीकडे असे द्यावे. मूल्याची भाषा आधी माहीत नसेल तर 'डिर'ला 'ऑटो' द्यावे, म्हणजे मजकुरातील पहिल्या दिशादर्शक अक्षरावरून ब्राउझर दिशा ठरवतो. वाक्यामध्ये एखादेच मूल्य घालायचे असेल तर 'बीडीआय' ही खूण त्याला सभोवतालच्या मजकुरापासून अलग ठेवते. नस्तालीक अक्षरे तिरपी उतरत असल्याने ओळींमधील अंतरही वाढवावे लागते.

सुरक्षिततेविषयी एवढेच सांगणे पुरेसे आहे की गुणधर्मांची मूल्ये विक्रेते भरतात, त्यामुळे त्यांत काहीही येऊ शकते. जँगो प्रत्येक मूल्यातील धोकादायक चिन्हे आपोआप निष्प्रभ करते. ठळक अक्षरांच्या हौसेपायी 'सेफ' गाळणी लावून हे संरक्षण काढून टाकू नये.

वर्गातील उपयोग

अध्यापनासाठी एक साधा प्रयोग सुचवता येईल. विद्यार्थ्यांना चार वस्तू द्याव्यात : काजू, साडी, पुस्तक, बिदरी फुलदाणी. प्रथम कागदावर प्रत्येकीचे गुणधर्म लिहून समान व विशिष्ट अशी विभागणी करून घ्यावी. नंतर एका वस्तूची एक कळ मुद्दाम गाळावी, दुसरीला 'नल' द्यावे, तिसरीला शून्य द्यावे आणि साधे छापणे, 'डीफॉल्ट', 'डीफॉल्ट इफ नन' व 'येसनो' अशा चारही प्रकारांनी पान पाहावे. कोणत्या पानाने खरे सांगितले, कोणते गप्प राहिले आणि कोणते खोटे बोलले, याची चर्चा वर्गात व्हावी. हा प्रयोग एका तासिकेत होतो. त्यासाठी संगणकाचा अध्यापक आणि भाषेचा अध्यापक एकत्र आल्यास अधिक चांगले.

समारोप

'तपशील' हा मराठी शब्द अरबी 'तफसील'पासून आला. उलगडून, वेगवेगळे करून सांगणे हा त्याचा मूळ भाव आहे. वस्तूच्या पानाकडूनही हीच अपेक्षा असते. साच्याने प्रत्येक गुणधर्म त्याच्या नावासह, एककासह व योग्य क्रमाने सांगावा. जे सांगितले गेलेले नाही ते 'सांगितलेले नाही' असेच दाखवावे, त्याचे 'नाही' करू नये. एवढा भेद पाळणारा विद्यार्थी पुढे कोणतेही फ्रेमवर्क वापरो, त्याच्या पानावर ग्राहकाला विश्वास ठेवता येईल.